डावीकडे झुकलेली गाडी

गत्तासच्या गॅरेजात जायचं तर गाडीआधी आपली कातडी तपासून घ्यावी, असं झाहले गावात म्हणत. हात सोन्याचे, पण जिभेला ब्रेक नाही. गाडी खडखडत दारात आली की तो आतूनच ओरडायचा, "आली का म्हातारी? खोकत खोकत आली बघा!" मग बाहेर येऊन आपला अवाढव्य देह मागच्या मडगार्डवर टेकवायचा आणि झटकन उठायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. डुलत राहिली तर मालकाकडे बघून म्हणायचा, "ही गाडी नाही बाबा, पाळणा आहे. पोरं झोपव यात."

शॉकअप आणि स्प्रिंगा हे त्याचं खास काम. तर्शीशच्या घाटात जुन्या दोन सीटच्या गाड्या पळवण्याचं वेड गावातल्या बऱ्याच जणांना होतं, आणि त्या घाटाची वळणं आणि खड्डे गत्तासचं पोट भरत होते. दर रविवारी ही मंडळी घाटाच्या पायथ्याशी फव्वाजच्या कॉफीच्या दुकानासमोर गाड्या लावून बसत. गत्तास तिथे राजा. दुसऱ्या कारागिरांनी केलेल्या कामाची तो अशी काही चिरफाड करायचा की लोक हसून हसून कॉफी सांडायचे. एका बिचाऱ्याने नट आवळताना बोल्ट तोडला, त्याचं नाव 'पहिलवान' पडलं. ते नाव त्याच्या दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त चाललं.

एका बाबतीत मात्र त्याला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. त्या गावची रीत अशी की गाडीतून काढलेला प्रत्येक जुना भाग कागदात गुंडाळून मालकाच्या डिकीत ठेवायचा. मालक तो जपो नाहीतर नाल्यात फेको, पण त्याने डोळ्यांनी बघितला पाहिजे. ही रीत गत्तास सगळ्यांत कडक पाळायचा. एकदा तर त्याने एका गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विसरलेला रबर बुश दिला होता.

मादाम विदाद ही औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली बाई. नवरा नाही, मूल नाही, एक लाल इटालियन गाडी. उघड्या टपाची, तिच्या तरुणपणची. त्या उन्हाळ्यात एका रविवारी ती गाडी फव्वाजकडे उभी होती आणि मागून बघितलं तर डावीकडे बोटभर झुकलेली दिसत होती. गत्तास मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मादाम, या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कोणी बसवल्या?"

"तुझ्या मेहुण्याने," विदाद सिगारेट पेटवत म्हणाली. "जिर्जिसने. झाली आता काही वर्षं. शॉकअप मात्र मीच बदलू दिले नाहीत."

"मग बरोबर! एक पिवळी घातली, एक हिरवी. भंगारातून जी हाताला लागली ती कोंबली!"

मंडळी खो खो हसली. त्या गाड्यांच्या स्प्रिंगा कारखान्यातूनच ताकदीप्रमाणे निवडून येतात. कडक असेल तिच्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा, जरा मऊ असेल तिच्यावर हिरवा. एका जोडीला दोन्ही एकाच रंगाच्या लागतात, नाहीतर गाडी लंगडते. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही तो कसला कारागीर?

जिर्जिस कोपऱ्यातल्या टेबलावर फासे खेळत बसला होता. गत्तासच्या बहिणीचा, नुहाचा नवरा. कमी बोलणारा. त्याने फासे मुठीतच ठेवले.

"खाली वाकून पाहिलंस का?" त्याने विचारलं.

"मी कशाला वाकू? गाडीच वाकली आहे की!"

यावर फव्वाजसुद्धा किटली ठेवून हसला. त्या दिवसापासून जिर्जिस 'पिवळ्या-हिरव्या' झाला. भाजीवाला त्याला त्याच नावाने हाक मारायचा, चर्चच्या पायरीवरही तेच नाव. जुन्या गाड्यांची मंडळी एकेक करून गत्तासकडे वळली. जिर्जिसकडे राहिली ती बेका खोऱ्याच्या मळ्यांतली बटाटे वाहणारी पिकअपं. रविवारी तो फव्वाजकडे यायचा बंद झाला.

नुहा एकदा गॅरेजात येऊन भावासमोर उभी राहिली. "घरात बसून भिंतीकडे बघतो तो. त्याचं बारसं केलंस ना तू? आता पेढेही वाट."

"अगं, गंमत केली. त्यात काय एवढं?"

"गंमत तुझी, गिऱ्हाइकं त्याची," ती म्हणाली आणि निघून गेली.

डोंगरावर बर्फ पडायच्या आधी विदादने गाडी गत्तासकडे आणली. आता घाटात प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग आपटत होता. शॉकअप तेल गळून ओले झाले होते, दाबले तर सहज आत जात होते. स्प्रिंगाही थकल्या होत्या. "सगळंच नवं टाक," ती म्हणाली. गत्तास खूश झाला. मेहुण्याचं काम आपल्या हाताने काढून फेकण्यात एक वेगळी चव होती.

खालचे बोल्ट गंजाने धरलेले होते. ज्योत मारून, तेल सोडून, शिव्या देऊन ते सुटले. मागच्या चाकांचा दांडा जॅकवर हळूहळू खाली सोडला तशा स्प्रिंगा सैल झाल्या आणि हातात आल्या. चिखलाचा थर जाड होता. लोकांना दाखवायला रंग नीट दिसावा म्हणून त्याने तारेचा ब्रश घेतला. उजवीवर पिवळा पट्टा निघाला. डावी घासायला घेतली. पिवळा.

त्याने पुन्हा घासलं. उलटी करून घासलं. हिरव्याचा ठिपकाही नव्हता. ब्रश इतका जोरात चालत होता की पिवळाही निघायला लागला, तेव्हा तो थांबला. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याने एकदा दाराकडे पाहिलं.

'रंग बरोबर असला म्हणून काय झालं, स्प्रिंग खराब असेल,' तो स्वतःशीच म्हणाला. नवे शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा चढवल्या, गाडी चाकांवर उतरवली, मडगार्डवर बसून उठला. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली. उत्तम काम. मागे जाऊन पाहिलं तर डावीकडे बोटभर झुकलेली.

मग त्याने ते केलं जे कुठल्याही कारागिराने सगळ्यांत आधी करायला हवं होतं. डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे घातली. दोष स्प्रिंगचा असेल तर झुकणं बाजू बदलेल. झुकणं जागचं हललं नाही. दोष स्प्रिंगचा नव्हता, आताही नाही आणि तेव्हाही नाही. दोष होता गाडीच्या अंगात.

तो दिवा घेऊन खाली सरपटला. स्प्रिंगचं वरचं टोक जिथे बसतं ती डाव्या बाजूची वाटी जरा जास्तच वर चढवून वेल्डिंग केलेली होती. म्हणून तेवढी बाजू खाली. वेल्डिंग हे हस्ताक्षरासारखं असतं. जाड, दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले वळसे, शेवटी उजवीकडे एक शेपूट. असं झाहलेत एकच माणूस करतो.

आठवायला वेळ लागला नाही. एका हिवाळ्यात विदादची गाडी बर्फावरून घसरून दगडावर आदळली होती. भाचीच्या लग्नाला गाडी हवी म्हणून विदाद घाई करत होती. गत्तासने वाटी ठोकून बसवली, जोडली आणि दिली. टेप लावून मोजायचं राहून गेलं होतं. जिर्जिसने स्प्रिंगा बसवल्या त्या त्यानंतर. पाठीखाली थंड फरशी होती आणि गत्तासला उठून बसावंसं वाटेना.

विदाद आली, एक चक्कर मारून आली. "छान! आपटत नाही आता. पण झुकते अजून."

"जुनी गाडी आहे, मादाम."

"जिर्जिसही हेच म्हणाला होता." तिने डिकी उघडली. कागदात गुंडाळलेले दोन शॉकअप. "आणि स्प्रिंगा?"

स्प्रिंगा तेलाच्या पिंपामागे होत्या, पोत्याखाली. "त्या... भंगारवाला घेऊन गेला."

"तुझ्याकडून?" ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." तेवढंच. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गत्तास पोतं खांद्यावर टाकून जिर्जिसच्या दुकानात गेला. जिर्जिस पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे उतरवत होता. गत्तासने स्प्रिंगा त्याच्यासमोर ठेवल्या.

"दोन्ही पिवळ्या आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. मीच घातल्या."

"वाटी वर बसली आहे. वेल्डिंग माझं आहे."

"तेही माहीत आहे."

गत्तास त्याच्यासमोर उकिडवा बसला. "तुला माहीत होतं? मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?"

"नुहा घरी माझी बायको आहे, बाहेर तुझी बहीण. चारचौघांत तुझी लाज काढली तर तिचीही जाते." जिर्जिसने पाना ठेवला नाही. "मला वाटलं, तू एकदा खाली वाकशील. बघशील. मग तूच सांगशील."

"मी सांगायलाच आलोय, अबू इलियास," गत्तासने त्याला मानाने, मुलाचा बाप म्हणून हाक मारली. " चुकलो मी."

"इथे कशाला सांगतोस? इथे सगळ्यांना माहीत आहे."

रविवारी गत्तास फव्वाजकडे गेला आणि कपांच्या मधोमध त्या दोन गंजक्या स्प्रिंगा ठेवल्या. लोक खुर्च्या सरकवून जवळ आले. "आज कुणाची हजामत, उस्ताद?"

"माझी."

हशा पिकला. त्याने थांबून पुन्हा सुरुवात केली. दोन्ही स्प्रिंगा एका रंगाच्या होत्या, काम चोख होतं, वाटी मी वाकडी जोडली. तो जितकं खरं सांगत गेला तितके लोक जास्त हसत गेले. त्यांना वाटलं, शेवटी नेहमीसारखा टोला येणार. "वा! आता पिवळ्या-हिरव्याची नक्कल!" कुणीतरी टाळी वाजवली.

"ते नाव घेऊ नका रे!" गत्तास ओरडला. त्यावरही मागे कुणीतरी खिदळलं.

विदाद दाराशी उभी होती. "भंगारवाल्याने परत आणून दिल्या वाटतं?"

गत्तासची मान खाली गेली. "भंगारवाला आलाच नव्हता, मादाम. मी लपवल्या होत्या."

काढलेला भाग लपवला? आता कुणी हसलं नाही. फव्वाज कप गोळा करू लागला. पहिलवान म्हणून ज्याला गावभर चिडवलं तो कारागीरही तिथे होता. तो गत्तासकडे बघत नव्हता, आणि ते बघण्याहून वाईट होतं. विदादने चावी टेबलावर टाकली. "गाडी जिर्जिसकडे घेऊन जा. त्याच्याकडूनच सरळ करून हवी आहे मला. आणि तूच चालवत ने, बाजारातून."

सोमवारी लाल गाडी टप उघडी ठेवून, डावीकडे झुकत, बाजारातून गेली. चालवणारा इतका मोठा होता की आणखीच झुकली. जिर्जिसने ती लोखंडी घोड्यांवर चढवली, वाटीभोवती खडूने रेघ मारली आणि कापायचं मशीन गत्तासच्या हातात दिलं. "तुझं आहे. तूच काप. नवी मी बसवतो, मोजून."

गत्तास गाडीखाली पडून आपलं जाड वेल्डिंग कापत होता. ठिणग्या छातीवर पडत होत्या. श्वास घ्यायला तो थांबला तेवढ्यात रस्त्यावरून एक पिकअपवाला ओरडला, "ए पिवळ्या-हिरव्या! माझे पाटे झाले का रे?"

"संध्याकाळी ये," जिर्जिस म्हणाला. सहज, आईबापांनी ठेवलेल्या नावाला ओ द्यावी तसा. खाली गत्तासने घाईघाईने मशीन पुन्हा चालू केलं.