‘वा’ म्हणजे ये

सुंदरीअक्कांनी जन्मभर पापनाशमच्या शाळेत गणित शिकवलं, तेही तमिळीत. पण कुंभकोणमच्या घरी पाऊल टाकलं की चपलांबरोबर तमिळही दाराबाहेर. घरात पूर्वजांनी आणलेली जुनी मराठी, देवापुढे मराठी, आणि रामनवमीला मंडपात होणारं नाटकही मराठीच. ते त्याच बसवायच्या.

यंदा मात्र उत्सवाचे कारभारी जानकीराम अण्णा अडून बसले. “अक्का, पोरांस मराठी कळत नाहीं. गेल्या वर्षीं कोणी हांसलें नाहीं. यंदा लोक हांसले तर बरें, नाहींतर पुढें तमिळींत करूं.”

“हांसवतें,” अक्का म्हणाल्या, आणि रामाला हात जोडून तालमीला लागल्या.

नाटक प्रेमात आंधळ्या झालेल्या तरुणाचं. मुलीचं तोंडही धड पाहिलेलं नाही, नुसत्या पावलांवर भाळलेला. वर बढाई अशी की हजार जणींत ओळखीन! त्याची खोड मोडायला मुलीची आत्या भाचीसारखंच लुगडं नेसून, तोंडभर पदर ओढून पुढ्यात बसते. तरुण झाला मुरली, आत्या स्वतः अक्का, भाची मधुमिता. मधुमितेचं मराठी बेताचंच. तिला एवढंच बजावलं होतं, “पदर ओढून थांब. बोलावलें कीं यें.”

रामनवमीला भरल्या मंडपात मुरलीनं अक्कांपुढे गुडघे टेकले. “हेंच तें पाऊल! अंधारांतही ओळखीन!”

पुढच्या रांगेत पुण्याचे पाहुणे होते. त्यांना राहवेना. “वा! वा!” ते ओरडले.

तमिळीत ‘वा’ म्हणजे ‘ये’. पडद्याआडची मधुमिता तडक आली आणि अक्कांशेजारी बसली. तेच लुगडं, तसाच पदर.

मुरली गुडघ्यांवरच मागे सरकला. अण्णांनी मान खाली घातली. अक्कांनी मनोमन हात जोडले. रामा, सांभाळ रे.

मग पदराआडूनच त्या खणखणीत बोलल्या, “काय हो, हजार जणींत ओळखणार होतां ना? येथें दोघीच आहों. ओळखा!”

एक हशा उसळला. मुरलीला खरंच कळेना. या पावलांकडे पाहिलं, त्या पावलांकडे पाहिलं, आणि धाडकन अक्कांचे पाय धरले. “हीच माझी प्राणसखी!”

अक्कांनी पदर वर केला. पांढरे केस, जाड चष्मा. “ऊठ बाळा. आत्याबाईंस नमस्कार पोंचला!”

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मराठीचा गंध नसलेली पोरंही गडाबडा लोळली.

आत मधुमिता रडवेली झाली होती. “चुकलें, अक्का. कोणी ‘वा’ म्हणालें.”

“ते पुण्याचे पाहुणे मराठींत म्हणाले, तूं तमिळींत ऐकलेंस. अग, ही चूक करायला दोन भाषा लागतात. आपल्याखेरीज कोणास साधेल?”

अण्णा डोळे पुसत आले. “पुढच्या वर्षींही मराठींतच. दोघी एकदम येतात तें मात्र तसेंच ठेवा.”

अक्का ताठ मानेनं देवापुढे उभ्या राहिल्या. लुगडंही बदललं नव्हतं.

“हांसले हो, रामा,” त्या म्हणाल्या.