समजते सगळं, निघत नाही काही

मंडळी, दुपारपासून एका फोनचा विचार करून राहिली आहे. तुमच्यापाशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमची लेक रेवा मुलाखतीसाठी इंग्रजीचे भारी भारी शब्द पाठ करते. अर्थ विचारा, फटकन सांगते. बोलताना मात्र त्यातला एकही तोंडातून निघत नाही. म्हणून मीच सांगितलं, "पाठांतर सोड. समोर जे घडते, त्यावर शब्द वापर."

आज सकाळी आम्ही दोघी गोल बाजारात कुकर घ्याले गेलो. दुकानदार भावावर अडून बसला. रेवा कानात म्हणाली, "आई, भैया बड़े अडॅमंट हैं." मीही हटले नाही, तर म्हणते, "और आप भी!" मले हसूच आलं. हा शब्द आता ती विसरत नाही.

दुपारी अमरावतीहून माझ्या बाबांचा फोन आला. रेवानं उचलून स्पीकरवर टाकला. "काय करून राहिली वं बेटा?"

"कुछ नहीं आजोबा, पढ़ रही हूं."

नेहमीचंच. इकडे हिंदी मुलखातच वाढली; मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. मी हळूच म्हटलं, "मराठीचंही पाठांतरच आहे का वं तुझं?"

ती अडखळत म्हणाली, "आजोबा, तुमची... खूप आठवण येऊन राहिली."



मग बाबा म्हणाले, "अजून एकदा म्हण बेटा."

तुमच्या घरी असं कोणतं वाक्य आहे, जे सगळ्यांले समजते, पण कोणीच म्हणत नाही?