मामींची चौथी वाट

माझे मामा रंगारी. रंगारी म्हणजे चित्रं काढणारे नव्हेत. चुन्याची बादली, ब्रश आणि शिडी. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. बोटांची सालं निघालेली, भुवयांवर कायम पांढरे ठिपके, आणि स्वभाव इतका मऊ की कुणीही यावं आणि टपली मारून जावं. त्यांच्या शेजारच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे त्या घरातलं भांडण आणि हसणं मी मशीनवर बसूनच ऐकत आले.

शहरातली माणसं रविवारी आमच्याकडे पळायला यायला लागली, तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. मागे कुत्रं लागलेलं नाही, पुढे गाडी सुटत नाही, तरी पळतात! पण त्यांना इथल्या टेकड्या आवडल्या. त्यांच्या क्लबातल्या एका डॉक्टरांनी मामांना काम दिलं: वाटेवरच्या दगडांवर बाण काढायचे, म्हणजे नवखा माणूस चुकणार नाही. मामांनी तीन वाटा आखल्या. एक तळ्याच्या काठाने, एक फळबागांमधून, एक कड्यावरून. पावसाने बाण धुऊन जाऊ नयेत म्हणून ते चुन्यात डिंक मिसळायचे. स्वतः मात्र आयुष्यात कधी पळाले नाहीत. म्हणायचे, "पळायचं असतं तर शिडी कशाला घेतली असती?"

पळाल्या त्या मामी. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. मामींनी आठवडाभर चालून पाहिलं आणि जाहीर केलं, "पळालं की लवकर सुटका होते." मग मामांची जुनी पँट घेऊन माझ्याकडे आल्या. कमरेत सैल कर, पायात आखूड कर. खिसे फाटले होते. मी म्हटलं, नवे लावते. "नको गं," म्हणाल्या, "ठेवायचंय काय त्यात?"

अंगाने चांगल्या भरलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाई. पहिल्या दिवशी पळत निघाल्या तेव्हा बेकरीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मंडळींना सणच मिळाला. बेकरीवाला ओरडला, "अहो, चोर कुठल्या बाजूला गेला?" दुसरा म्हणाला, "चोर नाही, जमीन हादरतेय, आत चला!" रोज नवा विनोद. मामी न थांबता म्हणायच्या, "हसतील त्यांचे दात दिसतील. तुझे तर किडलेत!" आणि पुढे जायच्या. खरं सांगते, त्यांना काही वाटत नव्हतं. महिन्याभरात चेहऱ्यावर तेज आलं होतं. घरी येऊन दारातच बसायच्या, घाम पुसायच्या आणि आज बगळे दिसले, आज बागेपाशी ससा दिसला, असं लहान मुलीसारखं सांगत राहायच्या.

वाटत होतं ते मामांना. शिडीवर चढले की खालून कुणीतरी विचारायचं, "काय, घरातलं इंजिन आज कुठवर गेलं?" मामा ब्रश चालवत राहायचे. रात्री भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"लोक हसतात गं."

"मग हसू देत. फुकटची करमणूक आहे."

"मला नाही सहन होत."

त्यांना मामींना हसतात याचं वाईट वाटायचं की आपल्याला हसतात याचं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दोन्ही असेल. मऊ माणसाच्या मायेत भित्रेपणा किती असतो ते वेगळं काढता येत नाही.

शेवटी मामांनी तोड काढली. एक चौथी वाट आखली, फक्त मामींसाठी. परसदारातून निघायचं, कुंपणातल्या फटीतून ओढ्यात उतरायचं, आणि बंद पडलेल्या दगडाच्या खाणीच्या मागून वर जायचं. बेकरी नाही, रस्ता नाही, गुराखीसुद्धा फिरकत नाही. बाण काढले असते तर शहरातली माणसं तिकडे वळली असती. म्हणून मामांनी ब्रश घरी ठेवला आणि अंगठा चुन्यात बुडवून दगडांवर ठिपके उमटवले; तेही खाली, गवताच्या बाजूला, माहीत असलेल्यालाच दिसतील असे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. मामी आधी कुरकुरल्या, मग जाऊन आल्या आणि खूश झाल्या. वर एक उघडा माथा आहे म्हणे, तिथून अख्खं खोरं दिसतं. ती वाट त्या दोघांतच राहिली. मलाही त्यांनी एवढंच सांगितलं, "तुझ्या मामाने मला डोंगर दिलाय." कुठला ते सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या मंडळींना वाटलं, बाईंची हौस फिटली.

त्या दिवशी मामा शेजारच्या गावी शाळेला चुना लावायला गेले होते. चुन्याच्या हातांनी फोन खराब होतो म्हणून त्यांचा फोन कायम घरीच. मामी सकाळी परसदारातून गेल्या. मी कपडे बेतत होते. दुपार होत आली तरी शेजारून भांड्यांचा आवाज नाही, म्हणून डोकावले. चुलीवर काही नव्हतं. दारात त्यांच्या चपला होत्या, म्हणजे पळायचे बूट घालून गेलेल्या आणि आलेल्याच नव्हत्या.

मी बेकरीवर जाऊन आरडाओरडा केला. हसणारी तीच माणसं उठली, हे मान्य केलं पाहिजे. बेकरीवाला तर भट्टी तशीच टाकून आला. तिघे तळ्याकडे, चौघे बागांकडे, बाकीचे कड्याकडे. बाणामागून बाण, हाका मारत. बाण होते तिथे सगळीकडे शोधलं. मी कोपऱ्यावरच्या एका गवंड्याला मोटारसायकलवर मामांना आणायला पिटाळलं.

मामा आले ते डोक्यावर चुना तसाच. मी म्हटलं, "मामा, तिन्ही वाटा पाहिल्या." त्यांचा चेहरा एकदम उतरला. पळत सुटले. जन्मात न पळालेला माणूस, कुंपणातून, ओढ्यातून, खाणीच्या मागून वर. आम्ही मागे. तेव्हा मी ते ठिपके पहिल्यांदा पाहिले. गवत बाजूला झालं की एकेक दिसायचा, अंगठ्याच्या रेघांसकट.

माथ्याच्या थोडं खाली सैल खडीचा उतार आहे. तिथे मामी पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाय काळानिळा होऊन सुजला होता. ओठ पांढरे पडले होते. शुद्धीवर होत्या, पण आवाज पार बसला होता. सकाळपासून हाका मारल्या असणार. मामांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हसल्या.

"जागा मात्र नामी शोधलीत हं," त्या म्हणाल्या. "एवढ्या हाका मारल्या, पण एक माणूस हसायला आलं नाही."

खालून एका घराचं दार काढून आणलं, त्यावर निजवून खाली नेलं. बेकरीवाल्याने पावाची गाडी आणली. आतल्या फळ्या उपसून रस्त्यावर फेकल्या आणि मामींना आत ठेवलं. सगळ्या गाडीत ताज्या पावाचा वास होता. दवाखाना यायच्या आधीच मामी गेल्या. बेकरीवाला गाडी चालवता चालवता मोठ्याने रडत होता. मामा रडत नव्हते.

गावाने हळहळ केली आणि शेवटी शेपूट जोडलंच: "पण पळायला सांगितलं होतं कुणी?" ज्यांनी ज्यांनी हे माझ्यासमोर म्हटलं, त्यांचे कपडे मी तेव्हापासून शिवत नाही.

थोड्या दिवसांनी मामा ब्रश घेऊन निघाले. पहिला बाण त्यांनी बेकरीच्या भिंतीवर काढला, दाराएवढा. बेकरीवाला बाहेर आला, पाहिलं, आणि बादली धरून उभा राहिला. तिथून कुंपण, ओढा, खाण, माथ्यापर्यंत प्रत्येक दगडावर बाण, आंधळ्यालाही दिसतील असे. ठिपके मात्र त्यांनी पुसले नाहीत. लोक म्हणाले, बैल गेला आणि झोपा केला. म्हणू देत. गोठ्यात दुसरा बैल असतोच की.

क्लबवाल्यांना ती वाट फार आवडली. सगळ्यांत सुंदर म्हणून आता तीच गाजते. दर रविवारी गर्दी असते. मामा पहाटेच वर जाऊन खडीच्या उतारापाशी बसतात, पाण्याचा डबा आणि दोर घेऊन. शेवटचा माणूस उतरल्याशिवाय उठत नाहीत. त्यांचा जेवणाचा डबा घेऊन मी जाते.

मागच्या रविवारी एक मुलगी सगळ्यांच्या मागे राहिली होती, एकटी. माथ्यावर थांबली, खोऱ्याकडे पाहत राहिली, मग आमच्याजवळून उतरताना म्हणाली, "काका, काय शांत आहे हो इथे! एरवी कुणीच नसतं ना?"

"असतं," मामा म्हणाले. "मी असतो. घसरलीस तर हाक मार. मोठ्याने मार."