हौदातली लढाई आणि ट्रान्झिस्टरचे सेल

युद्धनौकेची गोष्ट म्हटली की तुम्ही सरसावून बसणार. तोफा, धूर, पांढऱ्या टोपीतला कप्तान. आधीच सांगतो, तसलं काही मिळायचं नाही. आमची युद्धनौका हातभर लांब होती आणि आईच्या कपडे धुवायच्या हौदात तरंगायची. कप्तान म्हणजे मी, वय वीस, अर्ध्या चड्डीत. सहा लढायांत तिनं कुणा माणसाला ओरखडासुद्धा काढला नाही. काकाचा हात गेला त्या दिवशी तर ती पलंगाखाली उलटी पडून सुकत होती.

हात म्हणजे काकाचं सगळंच. आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावात आमच्या घरामागे त्याची पत्र्याची शेड. दिवसभर तो शिडाची शोभेची जहाजं करायचा, परदेशी पाहुणे खोक्यात घालून विमानातून नेतात ती. दोऱ्याच्या शिड्या अशा बांधायचा की मुंगी वर चढली असती. संध्याकाळी आम्ही दोघं लढाऊ जहाजं करायचो. हे खूळ बंदरावरच्या एका खलाशानं दिलेल्या मासिकातून आलं. जहाज रेडिओवर चालतं, पोटात गॅसवरची इवलीशी तोफ, तिच्यातून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे सुटतात. समोरच्याला भोकं पाडायची, पाणी शिरलं की तो बुडतो. भोक पडावं म्हणून जहाजाच्या अंगाला बाल्सा नावाच्या मऊ लाकडाची पातळ पट्टी लावतात. काकाचा एक नियम कडक होता. भोक बुजवायचं ते एकाच थरानं. आतून जाड ठिगळ लावलं की ती चोरी.

रोझ हिल गावचे दोघे भाऊ आमचे शत्रू. रविवारी उसामागच्या बासेंत, म्हणजे पाणी साठवायच्या तळ्यात, लढाई व्हायची. त्या रविवारी त्यांनी आम्हाला बुडवलं. भोकं नऊच होती, पण आत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप मध्येच थकला. काका गुडघाभर चिखलात उतरून जहाज काढत होता, तेव्हा थोरला भाऊ काठावरून म्हणाला, "तोंतों, आता त्यात मासे पाळ." तोंतों म्हणजे काका.

काका हसला. मी त्या भावाची नक्कल करून दाखवली, मग सगळेच हसले. नक्कल हा माझा धंदाच होता. शाळेत मास्तरांची, देवळात पुजाऱ्याची, आणि सगळ्यात भारी म्हणजे रेडिओवर फ्रेंचमध्ये बातम्या देणाऱ्याची. तो 'सिक्लोन', म्हणजे चक्रीवादळ, हा शब्द असा म्हणायचा की वाटावं नाकात कापूस आहे.

पण ते मासे मला लागले होते. आठवडाभर बसून मी भोकं बुजवली. काका कामात होता, म्हणून गुपचूप तीन-तीन थर लावले. मग पंपाची परीक्षा. चांगले सेल घरात एकाच ठिकाणी होते, ट्रान्झिस्टरमध्ये. चारही काढले, तारा थेट सेलवर सोल्डर केल्या आणि जहाज हौदात सोडलं. पंप काय पाणी फेकत होता. मी बघत बसलो. सेल संपले तेव्हा उठलो, तारा उपटल्या आणि मेलेले सेल परत ट्रान्झिस्टरमध्ये बसवले. उद्या दुकानातून नवे आणू.

दुसऱ्या दिवशी वादळाचा इशारा लागला, चारपैकी तिसऱ्या वर्गाचा. दुकानदार फळ्या ठोकून घरी गेला. मी म्हटलं, मागची दोन वादळं बाजूनं निघून गेली, हेही जाईल.

ते आलं. वीज गेली. आई, काका आणि मी स्वयंपाकघरात बसलो, घरात सिमेंटचं छप्पर तेवढंच. काका म्हणाला, "रेडिओ लाव रे."

"सेल जपायला पाहिजेत," मी म्हणालो. "मी कानाला लावून ऐकतो, तुम्हाला सांगतो."

आणि सांगितलं. त्याच नाकातल्या आवाजात, आधी ऐकलेलं जुळवून. वर्ग चार, घराबाहेर पडू नका, पाणी भरून ठेवा. बाहेर झाडं मोडत होती आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, यात खोटं काय आहे? वर्ग चार म्हणजे वर्ग चारच.

दुपारी वारा एकदम पडला. एवढं शांत, की शेजारची कोंबडी ऐकू आली. काका दाराशी गेला. शेडचा एक पत्रा कोपऱ्यातून उचकटला होता. आत त्याचं सहा महिन्यांचं काम होतं.

"काय म्हणतो रेडिओ? गेलं, का हा डोळा आहे?"

डोळा म्हणजे वादळाचा मधला भाग. तो सरकला की वारा उलट्या बाजूनं परत येतो. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. मलाही. मी बटण फिरवलं, मान हलवली आणि त्या आवाजात, श्रोत्यांना हाक मारून, म्हणालो, "मेदाम, मेस्ये, सिक्लोन दूर चाललंय."

काकानं हातोडा घेतला. मी शिडी धरली. चौथा खिळा ठोकत होता तेव्हा उसाची पाती दुसऱ्याच बाजूला वाकायला लागली. मी तोंड उघडलं. तोवर पत्रा सुटला होता.

काकाच्या उजव्या तळहातावर आडवा बसला. आईनं जुनी साडी फाडून बांधली. वारा थांबेपर्यंत निघता आलं नाही, नंतर रस्त्यात झाडं. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण अंगठा आणि पहिलं बोट वाकणार नाहीत.

काका अकरा दिवसांनी इस्पितळातून घरी आला. मधे आईनं ट्रान्झिस्टर लावून पाहिला होता, तो बोलेना. "ओल लागली असेल," म्हणाली. मी हो म्हणालो.

आल्यावर त्यानं तो मांडीवर घेतला. डाव्या हातानं मागचं झाकण काढलं. सेल एकेक करून चादरीवर ठेवले. प्रत्येकाच्या टोकाला सोल्डरचा थेंब.

"जहाज आण," म्हणाला. मी आणलं. त्यानं नखानं बाजू टोकरली. "तीन थर."

त्यानं जहाज खाली ठेवलं.

"सेल नेलेस, बरं. ठिगळं लावलीस, ती तर मला शेडमध्येच दिसली होती, म्हटलं पोरगं चिडलंय, उसवेल आपणच. पण मी तुला विचारलं होतं. गंमत म्हणून नव्हतं विचारलं. शिडी चढायच्या आधी विचारलं होतं. 'काका, रेडिओ बंद आहे,' एवढं म्हणायला कुणाचा आवाज काढावा लागला असता रे?"

आई दारात उभी होती. तिला तो म्हणाला, "तू जा आत." मग परत माझ्याकडे.

"अकरा दिवस तू रोज डबा घेऊन आलास. माझ्या खाटेवर बसून त्या नर्सची नक्कल केलीस. टाके ठणकायचे, तरी मी हसत होतो. शेजारच्या खाटेवरच्याला सांगत होतो, हा माझा पुतण्या. हे सेल इथे असे असताना तू मला अकरा दिवस हसवलंस."