परकी मावशी

बालविकास केंद्रात तिला सगळे परकी मावशी म्हणत. परकी आणि वर मावशी, हे ऐकून नव्या विद्यार्थिनी हसत, मग त्यांच्याही तोंडात तेच बसे. खरं तर ती लागली होती झाडलोटीला. एकदा प्रयोगात परक्या बाईचं काम करणारी मुलगी तापानं पडली, आणि केंद्राच्या मोठ्या बाईंनी हिच्या हातातला झाडू काढून घेऊन हिला खुर्चीवर बसवलं. "तुझा चेहरा चारचौघींसारखा आहे," त्या म्हणाल्या. "पोरांना तुझी ना भीती वाटणार, ना ओढ. मला असाच हवाय." ही स्तुती की टोमणा, हे तिला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

प्रयोग तसा साधा होता. खोलीत एक चटई, दोन खुर्च्या, खेळण्यांचा टब. एका भिंतीत मागून आरपार दिसणारा आरसा, आणि आरशामागच्या अंधारात मोठ्या बाई न् त्यांच्या विद्यार्थिनी पेनं सरसावून बसलेल्या. कुणीतरी आई आपलं वर्षभराचं मूल घेऊन येई. थोड्या वेळानं परकी येऊन बसे. मग आई हळूच उठून बाहेर जाई. मूल काय करतं ते बघायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आई परत आल्यावर काय करतं ते. आई दारात दिसली की परकीनं उठायचं. बोलायचं नाही, मुलाकडे वळून बघायचं नाही, मुकाट्यानं बाहेर पडायचं. त्या दोघांच्या भेटीत तिसरं माणूस नको. सुरुवातीला ती रेंगाळायची, रडून लाल झालेल्या एखाद्या पोराचं नाक पुसत बसायची. मग आरशावर आतून टकटक व्हायची. पुढे पायच शिकले. दार वाजलं की ते तिला विचारायला थांबत नसत.

प्रयोग संपला की चहा होई. बाई विद्यार्थिनींना समजावत आणि मावशी कप विसळता विसळता ऐके. मूल पहिल्या वर्षात कुणाच्या तरी भरवशावर जगाकडे बघायला शिकतं, असा तो सिद्धांत होता. आई गेल्यावर जे रडतं, आल्यावर बिलगतं आणि पुन्हा खेळायला लागतं, त्याचा भरवसा पक्का. काही मुलं मात्र आई गेली तरी रडत नाहीत, आली तरी मान वर करत नाहीत.

"लोक म्हणतात, काय गुणी बाळ आहे," बाई सांगत होत्या. "गुणी कसलं? छातीवर हात ठेवून बघा, आत धडधडत असतं. मागून मिळत नाही हे ते शिकलंय, म्हणून मागत नाही."

मावशीच्या हातातला कप बेसिनमध्ये निसटला. फुटला नाही.

तिचा मुलगा रांगत होता तेव्हा नवरा वारला होता. ही नोकरी लागली तशी ती मुलाला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवून सकाळी निघे. संध्याकाळी न्यायला जाई तेव्हा तो डब्याच्या झाकणाशी खेळत असे. मान वर करत नसे. कडेवर घेतला तरी झाकण सोडत नसे. "माझा मुलगा मुळीच रडत नाही," असं ती केंद्रभर सांगत फिरायची. मिरवावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

कप निसटला त्या दिवशी तो चांगला शाळेत जाणारा होता. स्वतःचं दप्तर स्वतः भरणारा, कधी काही न मागणारा. घरी गेल्या गेल्या तिनं त्याला छातीशी धरलं. तो हात खाली सोडून उभा राहिला. "आई, शर्ट चुरगळेल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना आडून आडून विचारलं. बाई म्हणाल्या, अगं, सिद्धांत आहे हा, कुंडली नाही. माणसं बदलतात, आणि मुलाला आईच लागते असंही नाही, एक कुणीतरी लागतं. यानं तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला आठवलं, काकू घर सोडून गेल्या तेव्हा हाच मुलगा जिन्यात बसून रडरड रडला होता, आणि सांगूनही खाली येत नव्हता. म्हणजे भरवसा त्यालाही होता. फक्त तो एक मजला वर राहत होता.

तेव्हापासून तिला त्याला एकच विचारायचं होतं: मी तुझी कोण लागते? हे काय विचारणं झालं! शाळा झाली, नोकरी झाली, लग्न झालं, प्रश्न आपला पोटातच. आणि आता तो बायको न् मुलीला घेऊन परदेशी निघाला होता, कायमचा. जायच्या दिवशी शेवटची खरेदी करायला दोघं दुपारी बाहेर पडले आणि नातीला तिच्याकडे सोडून गेले. ठमी त्यांची, वर्षाची.

ठमीनं घर डोक्यावर घेतलं. मावशी चटईवर बसली, तिच्याकडे न बघता डब्यांची झाकणं एकात एक घालत राहिली. पोरं रमवण्यात मावशीचा हात कोण धरणार? रडता रडता ठमी सरकत आली आणि एक झाकण आजीच्या मांडीवर ठेवून गेली. दार वाजलं तशी रांगतच धावली, आईच्या गळ्यात पडून हुंदके दिले, आणि लगेच उतरून झाकणांकडे परतली.

"पक्का आहे," मावशी पुटपुटली.

"काय पक्का?" मुलानं विचारलं.

"भरवसा. पोरीचा."

तो बॅगेचा पट्टा आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "मी कसा होतो गं?"

इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथून जुनंच वाक्य बाहेर पडलं. "तू? तू शहाणा होतास. मुळीच रडायचा नाहीस."

"हं," तो म्हणाला.

"अजूनही तसेच आहेत, आई," सून हसली. "त्यापेक्षा भिंत बरी, निदान आवाज घुमतो तरी."

गाडी आली. बॅगा उतरल्या, सून वाकून नमस्कार करून ठमीला घेऊन खाली गेली, पाठोपाठ तोही. गुडघ्यांमुळे मावशी वरच थांबली, झाकणं पसरलेल्या चटईशेजारी खुर्चीवर टेकली. ठमीची टोपी दुसऱ्या खुर्चीवर राहिली होती.

तेवढ्यात दार वाजलं. मुलगा दारात उभा होता, एकटाच.

"आई," तो म्हणाला.

आणि ती उठली. बोलली नाही, वळून बघितलं नाही, मुकाट्यानं आतल्या दारानं स्वयंपाकघरात गेली. बेसिनपाशी उभी राहिली. बाहेर काही आवाज नव्हता. मग झाकणं एकमेकांवर ठेवल्याचे आवाज आले, सावकाश, एकेक. आणि मग तिच्या ध्यानात आलं की त्या खोलीत यायला आणखी कुणी उरलेलंच नव्हतं. आई तीच होती.

ती बाहेर आली तेव्हा खोली रिकामी होती. झाकणं नीट एकात एक घालून डब्यात ठेवलेली होती. टोपी खुर्चीवर होती तशीच होती. म्हणजे तो टोपीसाठी वर आलाच नव्हता.

कठड्याला धरून ती चार पायऱ्या उतरली असेल-नसेल, खाली गाडी सुरू झाली.

थोड्या वेळानं फोन आला. मागे ठमी किरकिरत होती.

"टोपी राहिली का गं?"

"राहिली. अरे, मघाशी तू वर आलास, तेव्हा मी..."

"असू दे," तो म्हणाला. "तुझ्याकडेच असू दे. पोचल्यावर करतो फोन."

फोन ठेवून ती चटईवर बसली. दार उघडंच राहिलं होतं. ते लावायला तिचे पाय उठले नाहीत.