बंदरात गडबड आहे म्हणे

तुम्ही मला एक सांगा. लांबच्या मुलखाची बातमी कळली, तर भरवसा कुणावर ठेवायचा? टीव्हीवर, पेपरवर, तिकीट विकणाऱ्यावर, का घरातल्या माणसावर? घाई नाही. आधी ऐकून घ्या, मग सांगा.

गोडाऊनमध्ये रिकाम्या गोण्या साठतात ना, तसे आमच्या दुकानदार मंडळींचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि कधी उपयोगी पडतील तेही सांगता येत नाही. आज त्यातली क्रूझची गोणी झटकतो.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका बियाणे कंपनीनं स्कीम काढली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या निवडक डीलरांना जोडीनं परदेशी क्रूझ. विमानानं सिंगापूर, तिथून मोठी बोट, वाटेत थायलंडच्या एका बंदरात दिवसभर उतरायचं आणि परत. अट एकच. ग्रुप पूर्ण गेला पाहिजे. एक जरी जोडी गळाली, तर ट्रिप कॅन्सल आणि बदल्यात सगळ्यांना प्रेशर कुकर.

माझी मंडळी, मंगल, माहेरची मढची. माळशेज घाट उतरून कल्याणला बहिणीकडं जायचं, इथवरच तिचा प्रवास. बाकी सगळं दुकानापायी राहून गेलेलं. पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला फोटो बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "चेहरा घाबरल्यावानी आलाय. पन जानार मी."

आणि नेमकी निघायच्या तोंडावर त्या बंदरात गडबड सुरू झाली. मोर्चे, टायर जाळणं, दुकानं बंद. बोट तिथं थांबणार, हे कंपनीनं आधीच छापून दिलेलं.

तेव्हापासून आमचं जे चालू झालं, त्याला झोप उडणं म्हणतात.

*

माझ्या दुकानात क्रिकेटसाठी ठेवलेला छोटा टीव्ही होता. त्यावर आता दिवसभर बातम्या. शेजारचा शशिकांत, तोही डीलर, त्याचं दुकान सोडून माझ्याकडंच बसायचा. गिऱ्हाईक कोबीचं बी मागायचं, आम्ही त्याला टोमॅटोचं पाकीट द्यायचो.

घोडेगावचे अण्णा म्हणजे आमच्यात सगळ्यात वडीलधारे. तेही एसटीनं येऊन बसले. पडद्यावर एक मोटार जळत होती. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "सकाळी एक जळाली, दुपारी एक, आता ही तिसरी. सगळं शहर पेटलंय रं."

शशी टीव्हीजवळ गेला, नंबरप्लेट बघितली आणि परत येऊन बसला. "अण्णा, गाडी एकच हाय. सकाळपासनं तीच जळतीया."

*

अण्णांची एक पद्धत होती. कुठल्याही कंपनीचं नवं बी आलं की ते पाकिटावरचं काही वाचायचे नाहीत. मूठभर बी ओल्या फडक्यात गुंडाळायचे, कोनाड्यात ठेवायचे. मोड आले तर माल दुकानात, नाहीतर परत.

बातमीलाही त्यांनी तोच न्याय लावला. "आत्ता हो-नाय काय बोलू नका. बातमी चार दिवस ओल्या फडक्यात ऱ्हाऊ द्या. खरी असंल तर मोड येतील."

शशी म्हणाला, "आणि कुजली तर?"

"कुजली तर वास येतोच की."

चार दिवस आम्ही दुकानात नुसते वास घेत बसलो.

*

मग कंपनीचे साहेब पुण्याहून आले. टाय, मोबाईल, हसरा चेहरा. "काही नाही हो, सगळं नॉर्मल आहे. चॅनेलवाले वाढवून दाखवतात. तुम्ही बिनधास्त जा."

शशीनं त्यांना चहा दिला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "साहेब, तुमी हायच ना बरोबर?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "माझं यायचं फिक्स होतं, पण मुलीची परीक्षा आली मध्येच."

"कितवीला हाय पोरगी?"

"ज्युनिअर केजी."

अण्णा उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याला पयला मोड म्हनायचं."

*

घरी मंगलची बॅग रोज भरत होती आणि रोज रिकामी होत होती. सकाळच्या बातम्या बऱ्या असल्या की साड्या आत. संध्याकाळी टायर जळाले की साड्या बाहेर. बोटीवरचं जेवण सोसलं नाही तर असू दे म्हणून तिनं डबाभर चिवडा केला होता. निर्णय होईना, म्हणून आम्ही बसल्या बसल्या तो खात गेलो. डबा तळाला गेला तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी जा नायतर ऱ्हावा. मला येवढंच सांगा, बॅग दारात ठिवू का माळ्यावर?"

मी म्हणालो, "तिथं काही झालं तर? आणि न गेलो तर कुकर आहेच की."

"कुकर हाय आपल्याकडं. त्याची शिट्टी पन चांगली हाय."

त्या रात्री बॅग दारात राहिली. बंद केली नव्हती, पण दारात.

*

अण्णांचा बेत मात्र रोज न जाण्याकडं झुकत चालला होता. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "एसटी घाटात अडकली तर मानूस चालत खाली येतंय. बोट अडकली तर चालत कुठं जायाचं?"

जिजाकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, शेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीस वर्सं दुकानात अडकून बसलाय. तिथनं तरी कुठं चालत गेला?"

अण्णांनी विषय बदलला. म्हणाले, देवाला विचारू.

म्हणून सगळे लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढायच्या आधी मंगलनं नेहमीसारखा सगळ्यांना दम दिला, "चष्मे काढा, पर्स पदराखाली, हातात खायचं काय धरू नका. माकडं झडप घालत्यात." लहानपणी तिच्या आईचा चष्मा तिथल्या एका माकडानं पळवला होता, तेव्हापासूनचा नियम. शशी वर बघत म्हणाला, "बुद्धाची लेणी आमची, गणपती तुमचा आन् माकडं दोघांची." त्याची इच्छा वेगळी होती. त्या बंदराजवळच्या डोंगरात बुद्धाची मोठी मूर्ती आहे, हे त्यानं माहितीपत्रकात बघितलं होतं. घरात कुणाला बोलला नव्हता, पण खिशात मेणबत्त्या घेऊन ठेवल्या होत्या.

अण्णांनी नारळ तेवढा हातातच ठेवला. देवाचा म्हणून. अर्ध्या वाटेवर एका दांडग्या माकडानं तो हिसकला आणि कड्यावर जाऊन बसलं.

अण्णा तिथंच थांबले. "संपलं. देवानं सांगितलं, जाऊ नगा."

जिजाकाकू पुढं चढत म्हणाल्या, "देवापत्तुर पोचलाच कुठं तुमी? अर्ज वाटंतच दुसऱ्यानं घेतला."

*

शेवटी ठरलं की ज्यानं तिकिटं काढली त्यालाच थेट विचारायचं. मुंबईचे मेहताजी. माणूस फक्त हिंदी बोलणारा, आणि आमचं हिंदी टीव्हीवरचं. फोन मी करायचा, कारण गुजरातच्या पार्ट्यांशी माझं बोलणं असायचं. दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं, फोन स्पीकरवर टाकला, सगळे गोण्यांवर बसले. मंगल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.

मी सरळ विषयाला हात घातला. "मेहताजी, वो बंदर का क्या? सब बोलते है, बंदर का बहोत गडबड है."

पलीकडून हसणं ऐकू आलं. "अरे सेठ, सब यही पूछते हैं. बंदर कुछ नहीं करते. घबराना नहीं."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी म्हणालो, "लेकिन बहोत लोग है ना उधर?"

"टोली में घूमते हैं. आप बस हाथ में खाने की चीज मत रखना. उनकी आँखों में आँख मत डालना. और दाँत मत दिखाना, दाँत दिखाया तो उनको लगता है झगड़ा करने आया है."

शशी कागदावर भराभर लिहून घेत होता. अण्णांनी खुणेनं मला विचारायला लावलं, "और पोलीस?"

"पुलिस क्या करेगी उसमें? एक आदमी रहता है डंडा लेके. पर्स खींचे तो छोड़ देना, खींचातानी नहीं. और केला तो बिलकुल नहीं."

फोन ठेवला. मग अण्णा म्हणाले, "मागन्या खान्यापिन्याच्या दिसत्यात. मंजे उपासमारीचं आंदोलन हाय. हे वंगाळ न्हाई."

मी माझा व्यापारातला अनुभव सांगितला. खोटं बोलणारा माणूस ढोबळ बोलतो. सगळं नॉर्मल, सगळं मस्त. जो एवढं बारीक सांगतो, केळ्यापर्यंत सांगतो, तो डोळ्यांनी बघून आलेला असतो. भरवसा ठेवायचा तर याच्यावर.

हे सगळ्यांना पटलं. मंगलच्या हातातला ट्रे हलत होता, कपातला चहा बशीत सांडत होता. मला वाटलं, घाबरली. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "बराबर सांगतोय मानूस," म्हणाली आणि आत गेली. बॅगेची चेन लावल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

*

बोटीचे किस्से वेगळे, ते आज नको. मुद्द्यावर येतो. बोट त्या बंदराला लागली तेव्हा धक्क्यावर अर्धी दुकानं बंद होती. रस्त्याच्या कडेला पन्नासेक माणसं फलक घेऊन सतरंजीवर बसलेली. बायका होत्या, म्हातारी होती, कुणी पंख्यानं वारा घेत होतं. आम्हाला बघून ती सगळी हसली. हात हलवले.

आणि आम्ही? आम्ही मेहताजींचा शब्द पाळत होतो. सगळे एका रांगेत, नजर बुटांवर, ओठ घट्ट मिटलेले, हात रिकामे. मी पुढं, अण्णा माझा शर्ट धरून मागं. लोक हसताहेत आणि आम्ही मयतीला निघाल्यासारखे. एका म्हातारीनं उठून जिजाकाकूंपुढं फळांच्या फोडींची ताटली धरली. काकूंनी मान फिरवली. म्हातारीनं मायेनं त्यांच्या पर्सला हात लावून बसायची खूण केली, तर काकूंनी पर्स चटकन सोडून दिली. "खींचातानी न्हाई," त्या पुटपुटल्या.

पर्स जमिनीवर. म्हातारीनं ती उचलली, झटकली, काकूंच्या खांद्याला अडकवली आणि गालाला हात लावला.

बसमध्ये बसल्यावर काकूंनी पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "उपाशी मानसं अशी वाटत्यात का आपलं खानं?"



*

तिथून बस डोंगराकडं निघाली. शशीनं मेणबत्त्या खिशातून काढून मांडीवर घेतल्या होत्या. खिडकीबाहेर नारळाची झाडं, भाताची खाचरं, लांब एक कडा. बाकी काही नाही. अण्णा आता धीट झाले होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पयल्यापासनं सांगत व्हतो, काय होत न्हाई म्हनून."

तेवढ्यात मंगल जागेवरून उठली. दोन सीटांच्या मध्ये, दांड्याला धरून, लेण्याद्रीच्या पायथ्याला उभी राहते तशीच उभी.

"चष्मे काढा समद्यांनी. हिकडं द्या माज्याकडं. काकू, पर्स पदराखाली. शशीभाऊ, मेनबत्त्या परत खिशात."

मी म्हणालो, "अगं, आंदोलनवाले मागं राहिले. आता कशाला?"

"चष्मा," ती म्हणाली. मी दिला.

सगळ्यांचे चष्मे तिच्या पिशवीत जाऊन पडले, आणि तेव्हा कुठं बस वळली. डोंगराच्या पोटातलं लेणं दिसलं. पायऱ्या दिसल्या. गाईड मेहताजींचाच माणूस होता. तो उठला, माईकवर फुंकर मारली आणि म्हणाला, "देखिए, सामने सीढ़ियों पर. यही हैं यहाँ के मशहूर बंदर."

 अण्णांना चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, पण ते पायऱ्यांकडं एकटक बघत राहिले. मग हळूच माझ्याकडं वळले.

"शेठ, फोनवर तू नक्की काय इचारलं व्हतं?"

मी मंगलकडं बघितलं. ती पिशवीची नाडी आवळत होती. जिजाकाकूंना हाताला धरून तिनं उठवलं, दाराकडं निघाली आणि जाता जाता म्हणाली, "चला, उतरा आता. बंदर बघायला आलाय न्हवं?"

तर आता सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा. आणि हा किस्सा तुम्ही पुढं सांगणारच. अण्णा सांगतात, जायचं त्यांनी ठरवलं. कंपनीचे साहेब सांगतात, त्यांनी. मी कुणाला काय सांगत आलोय ते राहू द्या. तुम्ही मात्र हिशेब प्रामाणिक ठेवा, कुणाचं कुणाच्या खात्यावर टाकू नका.