कौल उजवा, सही कोरी

संमती या शब्दाचा मला आता कंटाळा आलाय. अंधेरी पूर्वेच्या एका पन्नास खाटांच्या रुग्णालयात मी व्यवस्थापक आहे, आणि रुग्णांच्या हक्कांवर वर्षातून दोनदा कर्मचाऱ्यांचा वर्ग घेतो. फळ्यावर चार पायांचं स्टूल काढतो. पहिला पाय रुग्णाची इच्छा, दुसरा त्याचं भलं, तिसरा त्याला इजा न करणं, चौथा सगळ्यांना सारखा न्याय. एक पाय मोडला की स्टूल पडतं, असं म्हणून मी नाट्यमय थांबतो. मागच्या रांगेतल्या सिस्टर तेवढ्यात डुलकी काढून घेतात. त्यांचं चुकत नाही. नाइट करून आलेल्या असतात, आणि स्टूल त्यांनी आधी नऊ वेळा पाहिलेलं असतं. खरं सांगायचं तर वर्ग घेताना मलाही माझं बोलणं ऐकू येत नाही. तोंड चालू असतं, मी मनात जेवणाच्या डब्यापाशी पोचलेला असतो.

तर या स्टूलवरून मी स्वतः कसा पडलो, त्याची ही गोष्ट.

आमच्या गावची एक काकी दिंडोशीला राहते. सख्खी नव्हे, वाडीतली. पण तळकोकणात वाडीतली काकी सख्ख्यापेक्षा जास्त हक्काने शिव्या घालते. तिचा मुलगा माझा बालमित्र. गावच्या मुंबईकर मंडळात मी 'हॉस्पिटलवाला' म्हणून प्रसिद्ध आहे. कुणाचं पोट दुखलं, कुणाला एमआरआयचा नंबर लवकर हवा, की फोन मला. बाहेर मी कितीही कुरकुरलो तरी आतून मला ते आवडायचं. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला कुणी विचारतंय, ही चैन सोडवत नाही.

काकीच्या छातीत गाठ लागली. आमच्याकडेच तुकडा तपासला. रिपोर्ट आला त्या दिवशी काकी बाहेर ओपीडीच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, माझ्यापासून वीस पावलांवर. आणि मी काय केलं? आत जाऊन संगणकावर तिचा रिपोर्ट उघडला, वाचला, आणि गोरेगावला कामावर असलेल्या तिच्या मुलाला फोन लावला.

"कॅन्सर आहे रे," मी म्हणालो. "पण लवकर सापडलाय."

तो म्हणाला, "आईला सांगू नकोस हं. ती धसका घेईल. साधी गाठ आहे म्हणून सांग."

"बरं," मी म्हणालो. स्टूलचा पहिला पाय त्या 'बरं'मध्येच गेला. मला आवाजसुद्धा आला नाही. बाहेर जाऊन काकीला सांगितलं, "काही नाही, छोटी गाठ आहे, काढून टाकू." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पिशवीतून मला चार कोकमवड्या काढून दिल्या. मी खाल्ल्या.

दोन दिवसांनी आमच्या सर्जन बाईंनी मुलाला माझ्या केबिनमध्ये समजावलं. रस्ते दोन होते. एक म्हणजे पूर्ण छाती काढायची. दुसरा म्हणजे फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढायचा, पण मग काही आठवडे रोज रेडिएशनला, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, त्याला जायचं. आमच्याकडे ते यंत्र नाही, म्हणजे दुसरीकडे. पेशंटला दोन्ही नीट समजावा, असं बाई तीनदा म्हणाल्या. मी तीनदा मान हलवली. त्या गेल्यावर मित्र म्हणाला, "रोज कोण नेणार रे? आम्ही दोघं कामाला. पूर्णच काढूया. तिचं आता वय काय आणि." मग म्हणाला, "पण आधी देवाला विचारूया."

हे बाहेरच्यांना जरा सांगावं लागेल. आमच्या गावात मोठं काम असलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, देवाच्या ओल्या मूर्तीवर कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं याच खिडकीवर पास होतं. मी स्वतःला सुधारलेला समजतो, पण विहीर मीही विचारूनच खणली.

तर प्रश्न काय विचारायचा, ते गुरवाला कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी हॉस्पिटलवाला. इथे माझी हुशारी उफाळून आली. मी म्हटलं, अर्धवट माहितीवर घेतलेला होकार कायद्यात टिकत नाही. देवाला सगळं समजलं पाहिजे. म्हणून मोबाइलवर गुरवाला लांबलचक मजकूर टाइप करून पाठवला: काकीचं नाव, वय, आजार, कुठली छाती, कुठली शस्त्रक्रिया, भूल कोणती, धोके कोणते, दुसरा पर्याय काय आणि तो का नको. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी परिपूर्ण माहिती देऊन मी कुणाची संमती घेतली नव्हती. ती घेतली तीसुद्धा दगडाच्या मूर्तीची.

गुरवाने तो मजकूर देवळात, सोमवारी, खड्या आवाजात वाचला. पंधरा-वीस माणसं हजर होती. प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" झालं. भुलीच्या धोक्यांनासुद्धा. कौल उजवा पडला.

मित्राने त्याच संध्याकाळी येऊन संमतीपत्रावर सही केली. आमच्या फॉर्मवर सहीच्या चौकटीखाली 'रुग्ण / नातेवाईक' असं छापलंय. ती तिरकी रेघ माझी. फॉर्म मीच तयार केला तेव्हा सोयीची म्हणून घातली होती. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाची सही त्याचीच लागते, मुलाची चालत नाही, हे मी वर्गात शिकवतो. पण रेघ तिथे होती, आणि रेघेच्या पलीकडे मित्र पेन घेऊन उभा होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "सर, तुमच्या काकी गाऊन घालत नाहीयेत."

मी वर गेलो. काकी खाटेवर नव्हे, खुर्चीत बसली होती. लुगडं नीट नेसलेलं, पायात चपला, मांडीवर पिशवी. मुलगा खिडकीशी तोंड करून उभा.

"हंयसर बस," ती मला म्हणाली. मी बसलो. "जावेचो फोन इललो गावसून. म्हणता, कौल उजवो झालो, घाबरा नको, एक छाती गेली तर काय झाला, बाकी आंग तुजाच आसा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप रव. माका कॅन्सर झालो, ह्या गुरवाक म्हायत. देवळातल्या पोराटोरांका म्हायत. माज्या जावेक म्हायत, जिच्याशी मी चार वर्सां बोलूक नाय. माकाच तेवढी म्हायती नाय. देवाक इचारलंस, मेल्या, माका इचारूक काय झाला होता?"

"आई, तुला त्रास नको म्हणून..." मित्र वळून म्हणाला.

"छाती कोणाची? देवाची?"

मित्र पुन्हा खिडकीकडे वळला. बाजूच्या खाटेवरची बाई मात्र हळूच म्हणाली, "बरोबर बोलताहेत त्या."

तेवढ्यात सर्जन बाई राउंडला आल्या. फाइल उघडली, सही पाहिली, चपला पाहिल्या. त्यांना पाच सेकंदांत सगळं कळलं. ऑपरेशन थिएटरला फोन करून त्यांनी केस रद्द केली. मग मला म्हणाल्या, "साहेब, हे वर्गात तुम्हीच शिकवता ना?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"काकू, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?" त्यांनी विचारलं.

"सगळा," काकी म्हणाली. माझ्याकडे बोट करून, "आणि तो कागद ह्यानाच वाचूचो. मोठ्यान."

मग मी तो फॉर्म वाचला. चार पानं. बावीस वर्षांत मी तो शेकडो लोकांपुढे सरकवला होता, पण आरंभापासून शेवटापर्यंत कधी वाचला नव्हता. तिसऱ्या पानावर अकराव्या कलमात मी स्वतःच्या आवाजात ऐकलं: "शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ववत होईलच याची हमी देता येत नाही."

"डोळ्यांचा काय?" काकीने विचारलं.

कुठल्यातरी नेत्र रुग्णालयाचा फॉर्म मी एकेकाळी उतरवून घेतला होता. मोतीबिंदू तेवढा काढायचा राहिला होता. इतकी वर्षं हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन, सगळ्यांनी दृष्टीची जोखीम पत्करून सह्या केल्या होत्या. सर्जन बाईंनी कपाळाला हात लावला. सिस्टर पडद्याआड गेली आणि पडदा हलू लागला.

मग बाईंनी कागद बाजूला ठेवून दोन्ही रस्ते काकीला सांगितले. काकीने विचारलं, शेक घेताना दुखतं का. परत होऊ शकतं का. दोन्हीत जगायला सारखंच मिळेल का. बाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत जवळपास सारखंच. "मग ही निवड ह्यांनी कित्याक केली?" काकीने विचारलं. मित्राने मान खाली घालून सांगितलं, "रोज कोण नेणार म्हणून."

"मी काय वासरू, दाव्याक धरून नेवक?"

त्या दिवशी तिने सही केली नाही. विचार करायला चार दिवस मागून घरी गेली. मित्राने मला खाली लिफ्टपाशी धरलं. "तुझ्या त्या शहाणपणाने वाट लावली. कुणी सांगितलं होतं एवढं लिहायला?" मी म्हटलं, "तूच." तो म्हणाला, "मी विचार म्हणालो होतो, निबंध लिही म्हणालो नव्हतो." मग तिथेच भिंतीला टेकून बसला. "ती गेली तर रे? चार दिवस उशीर झाला तर?" बाईंनी सांगितलं होतं की चार दिवसांनी बिघडत नाही. तेवढंच मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

ते चार दिवस मी तिरकी रेघ खोडण्यात घालवले. कागदावरून ती लगेच गेली. पण पाचव्या दिवशी दुसऱ्या एका वॉर्डात मुलगा बापाच्या फॉर्मवर सही करताना दिसला, आणि बाप शेजारी बसून पेपर वाचत होता. मी गेलो, पेन काढून घेतलं, सगळ्यांची बोलणी खाल्ली. दमायला होतं. चूक एकदा करायची असते, निस्तरायची मात्र रोज.

काकी ठरल्या दिवशी आली. लहान ऑपरेशन निवडलं. मग कौलाचं काय, असं मुलाने विचारलं तर म्हणाली, "देवान होय म्हटलान. खंयच्या ऑपरेशनाक, ता माजा मी ठरवलंय." सही सावकाश, पूर्ण नावानिशी केली. चौकटीच्या बाहेर गेली.

पुढे रोजचा शेक सुरू झाला. पहिले काही दिवस सून रजा काढून गेली, मग मुलगा, मग काकी एकटीच रिक्षाने. मी एकदा म्हटलं, "उद्या मी येतो सोबत."

"तू येव नको," ती म्हणाली. "वाटेत चार जणांका सांगशीत."

आता ती बरी आहे. दर काही महिन्यांनी तपासणीला येते आणि माझ्या केबिनमध्ये न बसता बाहेर बाकावर बसते. हे लिहून झाल्यावर मी दिंडोशीला जाऊन तिला विचारलं, छापू का. तिने सगळं वाचून दाखवायला लावलं. ऑपरेशनच्या सकाळी खुर्चीत ती रडली, असं मी एका जागी लिहिलं होतं.

"मी रडूक नाय," ती म्हणाली. "ता काढ."

मी काढलं.